आखीन एक डाव

माझा बोलायचा आवाज वेळेवर फुटला, गायचा फुटलाच नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. गावातल्या पोरांचे गळे घोगरे झाले तेव्हा माझाही झाला. कोणाला हाक मारली तर रेडा ओरडल्यासारखी. पण गायला तोंड उघडलं की आवाज सरळ वर जायचा, बारीक आणि स्वच्छ, आणि तिथेच राहायचा. आमच्या झाडीपट्टीत असल्या गळ्याचं काय करायचं ते लोकांना बरोबर माहीत असतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, मंडईला दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक होतं आणि दंडारीत बायकांची कामं पुरुष करतात. मला लुगडं नेसवलं, कुंकू लावलं आणि उभा केला.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? गाणं संपलं की लोक ओरडायचे, "आखीन एक डाव!" म्हणजे पुन्हा एकदा. त्यातही आमचा एक नियम होता. कोणी तसं ओरडल्याशिवाय गाणं दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. न मागता म्हणतो तो हावरा. एकानं एकदा आपल्याच मनानं दुसऱ्यांदा सुरुवात केली, तर ढोलकीवाला ढोलकी उचलून घरी चालता झाला. त्या बिचाऱ्याला लोक पुढं म्हातारपणापर्यंत 'आखीन' म्हणूनच ओळखायचे. लहानपणापासून हे बघितलेलं, त्यामुळं ते अंगात भिनलं होतं.

माझा बाप, म्हणजे बा, ढीवर. गावच्या तळ्यात त्याचा डोंगा आणि त्याचं जाळं. जाळं जड झालं की तळ्याच्या मधून तो मला नावानं हाक मारायचा. पाण्यावरून ती हाक घरापर्यंत यायची आणि मी जेवत असलो तरी ताट सोडून पळायचो. मग माझं लग्न ठरवायला म्हणून आरमोरीकडचे पाहुणे आले. मुलीच्या मामानं मला मंडईत पाहिलेलं. भर बैठकीत तो म्हणाला, "याले पोट्टी द्याची, का याच्यासाठी पोट्टा पाहाचा?" सगळी बैठक हसली. आमचे शेजारीसुद्धा हसले, मेले. बा हसला नाही. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाला, "गाना बंद."

गाणं बंद झालं. पण त्याबरोबर माझं नावही बंद झालं. त्या दिवसापासून बानं मला हाक मारली नाही. जाळं जड झालं तर एकटाच ओढायचा, नाहीतर शेजारच्या पोराला बोलवायचा. काही सांगायचं असलं तर मायला सांगायचा, "त्याले सांग, डोंग्यात पानी शिरून राह्यलं." मी समोरच उभा असायचो. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी मराठी सातवी पास होतो. कुरखेड्याच्या वाटेवर, जंगलाच्या तोंडाशी एका परदेशी मिशनचा दवाखाना होता, तिथे नोकरी धरली आणि गाव सोडलं. तेव्हा आम्ही चांदा जिल्ह्यात होतो आणि चांदा मध्य प्रदेशात. गडचिरोली जिल्हा वगैरे फार पुढच्या गोष्टी.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई कुठल्यातरी थंड देशातल्या. उंच, हाडकुळ्या, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांनीच मला औषधं मिसळायला शिकवून कंपाउंडर केलं. त्यांची मराठी पुण्यात छापलेल्या पुस्तकातली. पेशंट म्हणायचा, "बाई, पोट दुखून राह्यलं," आणि बाई विचारायच्या, "आपणांस ही व्यथा कधीपासून आहे?" पेशंट माझ्याकडे बघायचा. मग मी दोघांनाही समजावून सांगायचो. दिवस असा जायचा. संध्याकाळ मात्र खायला उठायची. औषधांच्या खोलीमागं माझी एक खोली, चूल आणि एक खाट. गोंडांची गावं जंगलात आत, त्यांची भाषा मला येत नव्हती. स्टाफमधली माणसं कुटुंबवाली. भात शिजवायचा, खायचा आणि भिंतीकडे बघत बसायचं. कधी कधी नुसतं आपलं नाव आपणच म्हणून बघायचो. हसू नका. एकटं राहून बघा म्हणजे कळेल.

संध्याकाळी बाई आपल्या व्हरांड्यात बसून एक वाद्य वाजवायच्या. मोठी सारंगीच म्हणा, पण पोटऱ्यांमध्ये धरायची. सहा तारा. गळ्याला सतारीसारखे पडदे बांधलेले, आणि गज सारंगीवाल्यासारखा तळहात वर करून धरायचा. बाई तिला गांबा म्हणायच्या. तिच्या तारा धातूच्या नव्हत्या. पिंजाऱ्याच्या धनुकलीला आतड्याची तात असते, तशी तात होती. पावसाळ्यात ती सूर धरायची नाही आणि उन्हाळ्यात तटकन तुटायची. बाई तेव्हा आपल्या भाषेत शिव्या द्यायच्या. शिव्याच असणार, कुठल्याही भाषेत त्या समजतात.

बाई वाजवायच्या ते मला अर्धवट वाटायचं. खालच्या सुरात दोन पावलं चालायचं, थांबायचं, परत चार पावलं, परत थांबायचं. गाणं कुठंच नाही. पुढे मला कळलं की गाणारी होती, त्यांची थोरली बहीण. दोघी बरोबरच आल्या होत्या. बहीण गायची, या वाजवायच्या. बहिणीसाठी एक तारांची पेटीही आणली होती, पक्ष्याच्या पिसाच्या काडीनं तार छेडणारी. पहिल्याच पावसाळ्यात तिचं लाकूड फुगलं आणि दुसऱ्यात तिला वाळवी लागली. बहिणीला हिवतापानं नेलं. दवाखान्यामागच्या मोहाच्या झाडाखाली तिला पुरलं. मी लागलो त्याच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट. बाई तेव्हापासून एकट्याच वाजवत होत्या आणि बहिणीच्या जागा मोकळ्या सोडत होत्या.

एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होतो. रोज रोज ऐकून त्या मोकळ्या जागा माझ्या कानात बसल्या होत्या. नकळत मी एका जागेत सूर भरला. मग दुसऱ्या जागेत. गळा कधी उघडला आणि वर गेला ते मलाच कळलं नाही. गांबा थांबली. अंगणातून चपला वाजल्या आणि बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, गेली नोकरी.

"कोण गात होते?"

"मी नाही," मी रेड्याच्या आवाजात म्हणालो.

"मग आत स्त्री कोण आहे?"

आता आली का पंचाईत! खोलीत बाई ठेवली असं म्हणावं की खरं सांगावं? खरं सांगितलं. दंडार, लुगडं, आरमोरीचा मामा, सगळं सांगितलं. सांगताना रडूही आलं, कारण इतकं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो. बाई उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, त्या जे वाजवतात ते संगीत अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्या काळी त्यांच्या देवळांत बायका गात नसत. उंच पट्टीतलं पुरुषच गायचे, असल्याच गळ्यानं.

"लुगडं नेसून?"

"नाही. आपल्याच कपड्यांत."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्या रात्री भात करपला आणि मी तो करपलेला भात हसत हसत खाल्ला. सांगायचं तर, इतक्या वर्षांत मला कोणी असं म्हटलंच नव्हतं की हा गळा पुरुषाचाच आहे.

मग रोज संध्याकाळी शिकवणी. गाणं एकच. शब्द त्यांच्याकडच्या जुन्या भाषेतले, ते मी देवनागरीत लिहून घेतले. अर्थ साधा होता. पहिल्या भागात एक जण काठावर उभा राहून म्हणतो, एकदा हाक मार, मी येतो. दुसऱ्या भागात म्हणतो, सगळे घरी गेले, अंधार पडत आला. आणि मग तो पुन्हा पहिल्या भागावर येतो, एकदा हाक मार. अर्थ ऐकून मी औषधाच्या बाटल्या पुसत राहिलो.

बाई कडक होत्या. दंडारीत मी सूर हलवायचो, लोकांना ते आवडायचं. बाई गजानं माझ्या खांद्यावर टोचायच्या. "हलवू नका. सरळ ठेवा." प्रार्थनेच्या खोलीत बाजाची पेटी होती. मी म्हटलं, ती घेऊ या, सूर पक्का राहील. बाईंनी तोंड असं केलं की मी परत पेटीचं नाव काढलं नाही. त्या म्हणायच्या, जुन्या गाण्याला जुनंच वाद्य लागतं, नव्या वाद्यावर ते दुसऱ्याच्या चपला घालून चालतं. एका ठिकाणी मात्र त्यांनी मला मोकळं सोडलं. परत पहिल्या भागावर आलं की गाणारा आपल्या मनानं तो सजवतो, तशीच रीत आहे म्हणाल्या. पहिल्यांदा लिहिलेलं गायचं, परत येताना आपलं. तिथे मी मंडईतल्या सगळ्या मुरक्या ओतल्या. बाई डोळे मिटून वाजवायच्या. तेवढा भाग माझा होता, त्यासाठी मी बाकीचं सगळं सोसत होतो.

नाताळला दवाखान्यात सगळ्यांना लाडू वाटायचे, त्यामुळं आसपासची गावं लोटायची. बाईंनी ठरवलं, त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात हे गाणं करायचं. दुपारीच करायचं, म्हणजे लोक उजेडात घरी पोचतील. वाटेवर वाघ होता. मीही हो म्हणालो. आणि नाताळाच्या आठवडाभर आधी बैलगाडीतून बा आला. पायात जाळ्याचं लोखंड घुसून पाय भोपळ्याएवढा सुजलेला. बाईंनी जखम चिरून पू काढला, पट्टी बांधली आणि व्हरांड्यातच खाट दिली.

मी रोज पट्टी बदलायचो. बा छताकडे बघायचा. पाणी हवं असलं तर शेजारच्या खाटेवरच्या गोंड म्हाताऱ्याला म्हणायचा, "त्या कंपाउंडरले सांगा, पानी पाह्यजे." त्या म्हाताऱ्याला मराठी धड येत नव्हती. तो बिचारा मला खूण करायचा आणि मी बाच्या उशाशी उभा असायचो. माझं डोकं सणकायचं. एकदा तांब्या आपटून ठेवला.

मी बाईंना सांगितलं, मी गाणार नाही.

"वडील आहेत म्हणून?"

"हो."

"मग तर गायलाच हवं," बाई म्हणाल्या आणि थोडं थांबून म्हणाल्या, "आणि माझ्यासाठीही. बहीण गेल्यापासून मी हे गाणं शेवटपर्यंत लोकांसमोर ऐकलेलं नाही."

नाताळच्या दिवशी मी धुतलेला सदरा आणि पायजमा घातला. लुगडं नाही, कुंकू नाही. अंगणात माणसंच माणसं, पोरं, कुबड्यावाले पेशंट. आमच्या गावचेही चार जण आले होते, त्यात दंडारीचा ढोलकीवालाही. आणि माझ्यापासून दोन हातांवर बा, भिंतीला टेकून, पट्टीचा पाय लांब करून. त्याला उठून जाता येत नव्हतं. मला एकच हवं होतं. त्यानं हे शेवटपर्यंत ऐकावं आणि मग मला नावानं काहीतरी म्हणावं, शिवी दिली तरी चालेल.

बाईंनी गज लावला. पहिला भाग मी सरळ गायलो, सूर न हलवता. अंगणातून कोणी तरी फिसकन हसलं आणि मग गप्प झालं. बा छताकडे बघत नव्हता. खाली, स्वतःच्या हातांकडे बघत होता. दुसरा भाग आला. सगळे घरी गेले, अंधार पडत आला. तो मी असा गायलो की पोरंसुद्धा चुळबुळायची थांबली. भाग संपला. तिथे बाई एक श्वासभर थांबतात आणि मग परतीचे खालचे सूर सुरू होतात.

त्या एका श्वासात मी अंगणाकडे बघितलं. समोर ढोलकीवाला, माझी माणसं, तीच मंडई. मला वाटलं, गाणं झालं. आता कोणी तरी म्हणेल. मी वाट बघत उभा राहिलो. कोणीच काही म्हणालं नाही. बाईंनी परतीचा सूर धरला, माझ्याकडे बघितलं, भुवई उंचावली. माझं तोंड उघडेना. इतके महिने शिकलो होतो, सगळं पाठ होतं. पण न मागता दुसऱ्यांदा? बासमोर?

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी परतीचा सगळा भाग एकट्यांनी वाजवला, माझ्या जागा मोकळ्या सोडून, बहिणीच्या सोडायच्या तशाच. लोकांना वाटलं असंच असतं. मग लाडू आले आणि गलका झाला.

संध्याकाळी बाई तारा सैल करत बसल्या होत्या. "काय झालं तुम्हांला?"

"कोणी म्हटलं नाही, आखीन एक डाव म्हणून."

त्यांना कळायला वेळ लागला. मी नियम समजावून सांगितला. त्या आधी हसल्या, मग रुमालानं डोळे पुसत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, हे मागावं लागत नाही. परत येणं त्या गाण्यातच आहे." मी अंगणातले लाडवांचे कागद गोळा करायला गेलो.

दुसऱ्याच दिवशी बानं गाडी मागवली. बाई नको म्हणत होत्या, ऐकलं नाही. गाडीत चढताना मी त्याच्या काखेत हात घातला, तो त्यानं झिडकारला नाही. पण बोललाही नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो.

पावसाळ्याआधी बाईंना त्यांच्या देशातून बोलावणं आलं. त्यांचीही तब्येत खालावली होती. गांबा पेटीत घालून गाडीवर चढवली आणि गेल्या. नाताळनंतर आम्ही ते गाणं पुन्हा काही केलं नाही. त्यांनी विषय काढला नाही आणि मीही नाही. तुटलेली एक तात राहिली होती, तिनं मी औषधाच्या कपाटाचं मोडकं दार बांधलं. नवे डॉक्टर आले, ते रेडिओ ऐकायचे. संध्याकाळी अंगणाच्या त्या बाजूनं आता काहीच यायचं नाही. आधीचा एकटेपणा परवडला होता. तेव्हा निदान पलीकडे कोणी तरी अर्धं वाजवत होतं.

दोन भातं निघाली आणि मायचा निरोप आला, बा खाटेला खिळलाय, ये. गेलो. बा म्हणजे नुसती हाडं. अंगणात, तळं दिसेल अशी खाट टाकलेली. दुपारची वेळ होती, तळ्यात कोणाचा तरी डोंगा. मी खाटेशी बसलो. माय आत गेली. मला वाटलं, आता हा तळ्यालाच सांगेल, त्याले सांग, पानी पाह्यजे.

"दुसऱ्या डाव काऊन नाई म्हनला?" बा म्हणाला. सरळ मला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "कोनी म्हनलं नाई," मी म्हणालो.

बा बराच वेळ खोकला. "मी पाहून राह्यलो होतो, कोनी तरी म्हनन. ढोलकीवाला म्हनन. कोनीच नाई म्हनलं, लेकाचे." मग तळ्याकडे बघत म्हणाला, "माह्या तोंडापर्यंत आलं होतं."

मी मान खाली घालून बसलो. कसला संताप आला मला! त्याचा, माझा, त्या ढोलकीवाल्याचा. एवढीशी गोष्ट, आणि दोघंही एकमेकांपासून दोन हातांवर तोंड मिटून बसलो.

"मंग आता म्हन," बा म्हणाला, आणि त्यानं मला नावानं हाक मारली. हळू, खोकल्यातून. तळ्यावरून यायची तशी नाही. पण माझंच नाव.

मी परतीचा भाग सुरू केला. नुसता तेवढाच, माझा भाग. मुरक्या काही जमल्या, काही चुकल्या. दोन वर्षांत गळ्याला गंज चढला होता. पहिली ओळ झाली आणि सवयीनं मी थांबलो. तिथे खालचे सूर असतात. मग पुढची ओळ म्हटली, पुन्हा थांबलो.

"मंधात काऊन थांबून राह्यला?"

"तिथी बाई वाजवते."

बानं डोळे मिटले. "थांब मंग," तो म्हणाला. "वाजवू दे तिले."

मी थांबलो. अंगणात आवाज नव्हता. पलीकडच्या डोंग्यातला माणूस जाळं ओढत होता. बाचं बोट खाटेच्या लाकडावर हळूहळू ठेका धरत होतं, आणि ते थांबलं की मी पुढची ओळ म्हणायचो.